ब्रेक ऑईल, राजूर घाट आणि बाबा

गेले दोन वीकेंड काहीच लिहिलं नाही. कारण विचाराल तर काम वगैरे नेहमीचंच, पण खरं सांगायचं तर डोक्यात एकच विषय घोळत होता आणि तो इथे लिहावा की नाही हे ठरत नव्हतं. विषय आहे ब्रेक ऑईल. हसू नका. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांनी हवं तर इथूनच परत फिरावं, पण घरी गाडी आहे आणि आई-वडील ती चालवतात, त्यांनी पाच मिनिटं काढून वाचाच अशी आग्रहाची विनंती.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे सगळेच याला ब्रेक ऑईल म्हणतात. मिस्त्री म्हणतो, स्पेअर पार्टवाला म्हणतो, मीही म्हणतो. पण हे ऑईल नाहीच मुळी! आजच्या बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल ईथर जातीचं एक रसायन असतं, जे पाण्यात सहज मिसळतं. तेल कुठे पाण्यात मिसळतं? गंमत म्हणजे हे नाव अगदीच हवेतून आलेलं नाही. हायड्रॉलिक ब्रेक आले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मॉडेल ए या अमेरिकन गाडीला चारही चाकांना ते होते. पुढे बरीच वर्षं अशा ब्रेकमध्ये जे द्रव घालत त्यात अल्कोहोल आणि चक्क एरंडेल असायचं. हो, तेच लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते. तेव्हा नाव जुन्या काळाला धरून आहे, आतला माल बदलला. पण नावामुळे एक घोटाळा हमखास होतो. कुणीतरी "ऑईलच आहे ना" म्हणून इंजिन ऑईल त्या डबीत ओततो, आतले रबराचे सील फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं खोलून बसावं लागतं. असो.

आता माझी गाडी. २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, सेकंड हँड, घेऊन तीनच महिने झालेत. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी. आजच्या हिशोबानं आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत, पण २०१३ मध्ये ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा मी नोकरीला नवा होतो आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये लाल रंगाची एक उभी असायची. तिच्याकडे बघत बघत मी किती डबे खाल्लेत याचा हिशोब नाही. दहा-अकरा वर्षांनी ती घेतली. तीच नव्हे, तसली. आधीच्या मालकानं इंजिन ऑईल, टायर, बॅटरी सगळ्याची बिलं नीट फाईल करून दिली होती. त्या फाईलमध्ये ब्रेक ऑईलचं मात्र एकही बिल नव्हतं. म्हणून कामांच्या यादीत मी ते दिवाळीनंतरसाठी लिहून ठेवलं होतं.

दिवाळीला पुण्याहून बुलढाण्याला तीच घेऊन गेलो. नगर, संभाजीनगर, जालना, देऊळगाव राजा, चिखली असं करत साधारण चारशे किलोमीटर. या रस्त्यानं येताना कुठे मोठा घाट असा लागत नाही, पठारावरून पठारावर येतो आपण. बुलढाण्याचा घाट असतो तो पलीकडे, उत्तरेला.

जिल्ह्याबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. आमच्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा विचारतात, पोरगी घाटावरची की घाटाखालची? मधे अजिंठ्याची डोंगररांग आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, मलकापूर अडीचशेच्या आसपास. मे महिन्यात वर पंखा पुरतो आणि खाली कूलरही रडतो. भाषा बदलते, ज्वारीची जागा कपाशी घेते, आणि महत्त्वाचं म्हणजे रेल्वे खाली आहे. बुलढाण्याला स्टेशन नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि माझ्या आजोबांपासून घरात तिची चर्चा चालू आहे. तोपर्यंत मुंबईची गाडी पकडायची म्हणजे राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून साधारण ४५ किलोमीटरवर मलकापूर.

भाऊबीज झाल्यावर मामा-मामींना मलकापूरला सोडायचं होतं. त्या दिवशी माझा एक कॉल काही केल्या टळत नव्हता (अमेरिकेतल्या लोकांना भाऊबीज कशी समजावणार?), म्हणून बाबा म्हणाले, मी सोडतो, दे चावी. बाबा निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट, स्कूटरपासून अँबेसेडरपर्यंत सगळं चालवलेलं. सोबत आईही निघाली. चार माणसं, डिकीत बॅगा, एक चिवड्याचा पाच किलोचा डबा. रात्री परत आले, जेवायला बसलो, आणि भाजी वाढून घेता घेता बाबा म्हणाले, "गाडी छान आहे रे तुझी. फक्त घाट उतरल्यावर ब्रेक जरा खाली गेला होता. दोनदा पंप मारला, मग आला परत."

मी घास तोंडातच ठेवून त्यांच्याकडे बघितलं. "खाली गेला म्हणजे?"

"म्हणजे नेहमी जिथं धरतो तिथं धरला नाही. पाय पुढं गेला. काही नाही, नंतर मलकापूरपर्यंत एकदम ठीक."

आई म्हणाली, "मला तर काही सांगितलं नाही तुम्ही." बाबा म्हणाले, "तुला सांगून काय, तू काय ब्रेक दाबणार होतीस?"

झालं. त्या रात्री काही झोप आली नाही. दिसत होतं ते एवढंच: राजूर घाटातलं एक वळण, आणि खालपर्यंत गेलेलं पेडल.

मग खोदून खोदून विचारलं. पुढे दोन ट्रक होते, त्यामुळे सगळा घाट वीस-तीसच्या वेगानं, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला. गिअर 'डी' मध्ये. खाली आल्यावर टपरीवर चहाला थांबले, दहा मिनिटं. आणि पेडल खाली गेलं ते घाटात नाही, चहा पिऊन निघाल्यावर!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अशा बगचा सराव असतो. कधी येतो, कधी जातो, दाखवायला गेलं की येतच नाही. अशा वेळी लक्षणं नीट लिहून काढायची. पेडलवर पाय दाबून धरला आणि ते हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरच्या सीलवर संशय. पाईपात हवा असेल तर पेडल सकाळी थंड गाडीतही फुसकं लागतं. कुठे गळत असेल तर डबीतली पातळी खाली जाते. सकाळी तपासलं. पातळी बरोबर, चाकांपाशी ओल नाही, पेडल दगडासारखं. म्हणजे फक्त तापल्यावर येणारं आणि गार झाल्यावर जाणारं काहीतरी. असं म्हटल्यावर उत्तर जवळपास एकच उरतं: ब्रेक ऑईल उकळलं.

यातली गंमत (गंमत कसली!) समजायला नववीतला पास्कलचा नियम पुरे. पेडल दाबलं की द्रवावर दाब येतो आणि तो दाब नळीतून चारही चाकांपर्यंत जसाच्या तसा पोचतो, कारण द्रव दाबून लहान होत नाही. पण त्याच द्रवात वाफेचे बुडबुडे झाले तर? वाफ दाबली जाते. तुमच्या पायाची सगळी मेहनत ते बुडबुडे चेपण्यात जाते आणि पॅडपर्यंत काहीच पोचत नाही. दोन-तीनदा पंप मारला तर डबीतून थोडं जास्त द्रव आत ढकललं जातं आणि तात्पुरता ब्रेक लागतो. बाबांनी केलं ते बरोब्बर हेच. शिकवलं कुणी नव्हतं, अँबेसेडरनं शिकवलं असावं.

आणि चहानंतरच का? गाडी चालू असते तोवर डिस्कला वारा लागतो. थांबलो की वारा बंद, आणि तापलेल्या डिस्क-पॅडमधली उष्णता सावकाश कॅलिपरच्या पिस्टनमधून मागच्या द्रवात उतरते. म्हणजे द्रवाचं तापमान गाडी थांबल्यानंतरही काही मिनिटं चढतच राहतं. घाट उतरून लगेच चहाला थांबणं ही आपली राष्ट्रीय सवय, त्यामुळे हे लक्षात ठेवलेलं बरं. थांबायच्या आधी दोन-तीन किलोमीटर सपाटीवर, ब्रेक फार न वापरता चालवावं, म्हणजे डिस्क जरा निवतात.

उष्णता किती होते याचा एक हिशोब मी रात्री दोन वाजता कागदावर केला. माणसं-सामानासकट गाडी १४०० किलो धरा. १०० मीटर उंची उतरली की मोकळी होणारी ऊर्जा १४०० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे सुमारे १३.७ लाख ज्यूल. ताशी ८० च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवली तर ब्रेक साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास गिळतात. म्हणजे नुसती १०० मीटर उंची उतरणं हे ८० वरून चार वेळा करकचून थांबण्याइतकं आहे. आपण तर वीसच्या वेगानं, अगदी सभ्यपणे उतरत असतो, म्हणून जाणवत नाही. ही उंची तीन मिनिटांत उतरलात तर दोन किलोवॅटचे जवळजवळ चार गिझर तेवढा वेळ चालू ठेवल्यासारखं झालं. यातला काही वाटा टायर आणि हवा उचलतात, काही इंजिन उचलतं (उचलू दिलं तर!), बाकीचं सगळं ब्रेकवर, आणि त्यातही मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर. आणि राजूर घाट काही १०० मीटरवर संपत नाही.

आता मुद्द्यावर. जुनं द्रव काढून नवीन घालायचं हे नक्की. पण कुठलं?

ऑफिसमधल्या एका मित्राला विचारलं. त्याच्याकडे ऑक्टाव्हिया आरएस आहे आणि तो वर्षातून एक-दोनदा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डेला जातो. त्याचं उत्तर तयार होतं: "मोतुल आरबीएफ ६००. डोळे झाकून." या रेसिंग फ्लुइडचा उत्कलनबिंदू ३१२ अंश. किंमत साध्या डॉट ४ च्या कैक पट. मी जवळजवळ ऑर्डर करतच होतो. आई-बाबांच्या जिवापुढे पैसे काय, असं म्हणून माणूस अशा वेळी सगळ्यात महाग वस्तू घेतो आणि छान झोपतो. पण मग बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला बसलो आणि झोप पुन्हा उडाली.

डॉट म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. त्यांच्या मानकाप्रमाणे डॉट ३ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ अंश सेल्सिअस हवा, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. हे कोरडे आकडे, म्हणजे सीलबंद बाटली फोडल्या क्षणाचे. पण हे रसायन हवेतला ओलावा शोषून घेतं. रबरी होजमधून, डबीच्या झाकणातून, हळूहळू पाणी आत जात राहतं. म्हणून मानकात दुसरा आकडा असतो, ओला. ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर काय उरतं तो. डॉट ३ चे उरतात १४०, डॉट ४ चे १५५, डॉट ५.१ चे १८०. बाटलीवर ठळक छापलेला असतो तो कोरडा आकडा. आपली गाडी जगते ती ओल्या आकड्याच्या दिशेनं. चार पावसाळे खाल्लेलं द्रव घाटात १५०-१६० ला उकळलं तर त्यात आश्चर्य काही नाही.

(पाणी १०० ला उकळतं मग मिश्रण १०० लाच का उकळत नाही असं कुणी विचारेल. पाणी ग्लायकॉलमध्ये विरघळून बसलेलं असतं, मोकळं नसतं, म्हणून तग धरतं. हाच तर ग्लायकॉलचा उपयोग.)

आणि इथेच तो डॉट ५ चा सापळा आहे. आपल्याला वाटतं ३, ४, ५, ५.१ म्हणजे एकाच सॉफ्टवेअरच्या व्हर्जन. मोठा आकडा म्हणजे नवीन, ५.१ म्हणजे ५ वरचा छोटा पॅच. साफ चूक! डॉट ५ हे सिलिकॉन, बाकी तिन्ही ग्लायकॉलच्या घरातले. एकमेकांत मिसळायचे नाहीत. सिलिकॉन पाणी शोषत नाही हे ऐकायला छान वाटतं, पण आत शिरलेलं पाणी मग मोकळं राहतं, सगळ्यात खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्ये साठतं आणि १०० च्या आसपास उकळतं. शिवाय ते जरा जास्त दाबलं जातं आणि एबीएसच्या पंपात फेसाळतं, म्हणून एबीएसच्या गाडीला चालत नाही. वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या लष्करी वाहनांत, हार्लेच्या जुन्या मोटारसायकलींत ते वापरायचे. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉल, डॉट ४ शी सुसंगत. ज्यानं हे आकडे पाडले त्यानं आयुष्यात एकदा तरी रिलीज मॅनेजरबरोबर काम करायला हवं होतं. आमच्यात याला ब्रेकिंग चेंज म्हणतात :-)

रंगाचंही तसंच. पूर्वी एटे कंपनीचं निळं ब्रेक फ्लुइड मिळायचं, रेसवाले एकदा निळं, एकदा पिवळं घालायचे म्हणजे जुनं पूर्ण निघालं की नाही ते कळायचं. काय सुंदर युक्ती! पण अमेरिकेच्या मानकात डॉट ३, ४ आणि ५.१ चा रंग पाण्यासारखा ते मधासारखा असाच चालतो, जांभळा फक्त डॉट ५ ला, त्यामुळे निळ्याची तिथली विक्री थांबली. सांगायचा मुद्दा, काळं पडलेलं द्रव खराब असतंच असं नाही आणि स्वच्छ दिसणारं चांगलं असतंच असं नाही. पाणी डोळ्यांना दिसत नाही.

मग रेसिंगचं का नको? ट्रॅकवर लांब सरळीच्या शेवटी दणकून ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, फेरीमागून फेरी. तिथे द्रव दोनशेच्या पुढे सहज जाऊ शकतं, म्हणून तीनशेच्या वरचा कोरडा आकडा लागतो. पण रेसवाले ते सारखं बदलतात, त्यांच्यासाठी ते कायम कोरडंच असतं. माझ्या मित्राचा सल्ला त्याच्या गाडीसाठी अगदी योग्य आहे. बाबांच्या हातातली गाडी वेगळी. ती महिन्यातून दोनदा घाट उतरेल, बाकी वेळ पावसाळी हवेत उभी राहील, आणि ते महागडं द्रव दर वर्षी न चुकता बदललं जाईल याची खात्री कोण देणार?

दुसरं कारण मला आधी माहीत नव्हतं. द्रवाचा घट्टपणा. एबीएस आणि ईएसपी सेकंदाला कित्येक वेळा बारीक व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, त्यातून द्रव झटकन ये-जा करायला पातळ हवं. म्हणून आयएसओ ४९२५ मध्ये क्लास ६ म्हणून एक वर्ग आहे: उणे ४० अंशाला घट्टपणा ७५० च्या आत (साध्या डॉट ४ ला १८०० पर्यंत मुभा), आणि तरी कोरडा उत्कलनबिंदू किमान २५०, ओला १६५. माझ्या गाडीला ईएसपी आहे आणि फोक्सवॅगनचा स्वतःचा ५०१ १४ नंबरचा स्पेसिफिकेशन याच पातळ जातीच्या डॉट ४ चा आहे. आता उणे ४० बुलढाण्यात कुठून येणार, आमच्याकडे दहा अंश झाले तरी लोक मफलर काढतात! पण गाडीच्या ब्रेक कंप्युटरची गणितं त्या पातळ द्रवावर बसवलेली आहेत. मित्रांच्या सांगण्यावरून ती आपण का मोडायची?

आणखी एक गोष्ट, जी ट्रॅकवाल्या गप्पांत कुणी बोलत नाही. ब्रेक ऑईल बदलल्यानं गाडी लवकर थांबत नाही. एक इंचही नाही. ते काम टायर आणि पॅडचं. पॅड तापून निकामी होतात तेव्हा पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. द्रव उकळतं तेव्हा पेडलच मऊ पडतं. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं. चांगलं द्रव फक्त एवढंच करतं की पेडल ऐन वेळी जागेवर असतं.

तर ठरलं: क्लास ६, लो व्हिस्कॉसिटी डॉट ४. साध्यापेक्षा थोडं महाग, रेसिंगपेक्षा खूप स्वस्त. ऑनलाइन दोन बाटल्या मागवल्या आणि सोबत ते पेनासारखं ओलावा मोजायचं यंत्र. (ते यंत्र फक्त विद्युतवहन बघतं, प्रत्येक कंपनीच्या द्रवाला वेगळं वागतं, त्यामुळे त्याच्या हिरव्या दिव्यावर विश्वास टाकू नका. आमच्याकडे त्यानं थेट लाल दाखवला, तेव्हा वादच मिटला.)

बाटल्या यायला चार दिवस लागले. तोपर्यंत एका दुकानात चौकशी केली होती, तर तिथे फळीवर झाकण अर्धवट लावलेली बाटली होती आणि त्यातूनच सगळ्यांना टॉप-अप. ओलावा शोषणारी वस्तू उघडी ठेवून विकणं म्हणजे भिजलेली काडेपेटी विकण्यासारखंच आहे. नवी, सीलबंद, आणि डबीत ओतून उरली तर ती बाटली पुन्हा वापरायची नाही, एवढं पथ्य पाळाच.

मग आमच्या गल्लीच्या टोकाला जे मिस्त्रीकाका आहेत त्यांच्याकडे गेलो. ते मूळचे घाटाखालचे. त्यांना सांगितलं ब्रेक ऑईल बदलायचंय.

"कायले? कमी झालं का?"

"कमी नाही झालं. जुनं झालं."

"ऑईल कुठं जुनं होते का भाऊ? टॉप-अप मारून देतो ना."

मी घाटातली हकिगत सांगितली. ते एकदम गंभीर झाले. हात पुसले, बाबांना विचारलं, "गुरुजी, गेर कोनता व्हता?"

"ऑटोमॅटिक आहे. डी मध्ये होती."

"मंग तेच तं! ज्या गेरात चढाचं, त्याच गेरात उतराचं. यष्टीवाले पाहा ना, घूं घूं करत उतरतेत."

हे मात्र शंभर टक्के. एसटीच्या ब्रेकमध्ये द्रव नसतंच, हवेच्या दाबावर चालतात ते, उकळायचा प्रश्नच नाही, तरीसुद्धा ड्रायव्हर घाटात खालचा गिअर सोडत नाही, कारण ड्रम तापले की त्याचेही ब्रेक कमी होतातच. आणि या डीएसजीची खोड अशी की डी मध्ये ठेवली की पेट्रोल वाचवायला भराभर वरचा गिअर टाकते. उतारावर इंजिनाची ओढ जवळजवळ नाहीच, सगळा भार पेडलवर. उपाय सोपा, दांडा मॅन्युअलच्या बाजूला ढकलून दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवायचा. तीन हजार आरपीएमला इंजिन ओरडतं, लोकांना वाटतं काहीतरी मोडतंय. काही मोडत नाही. बाटलीत कितीही भारी द्रव असो, मला विचाराल तर सगळ्या हिशोबात मोठा आकडा या दांड्याचाच आहे.

काम तासा-दीड तासाचं होतं. आधी सिरिंजनं डबीतलं जुनं काढून नवीन भरलं, मग एकेका चाकापाशी निपल सैल करून जुनं बाहेर काढायचं, आणि डबी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा एबीएसच्या पंपात शिरते आणि मग लॅपटॉप जोडल्याशिवाय निघत नाही. पेडलवर बसायला माणूस हवा. बाबा बसले. मिस्त्रीकाका गाडीखाली, मी बाटली धरून मधे.

"बाबा, दाबा!"

"दाबला."

"धरा... धरा... सोडू नका... हं, सोडा."

चाळीस वर्षं वर्गाला सूचना देणाऱ्या माणसाला सूचना देण्यात जी मजा आहे ती काही औरच. दहाव्या दाबाला ते म्हणाले, "अरे मला कळलंय आता, तू नुसतं हं म्हण." मागच्या डाव्या चाकातून निघालेलं द्रव कोऱ्या चहासारखं होतं. पुढच्या उजव्यातून, म्हणजे जिथे ते बहुधा उकळलं असावं तिथून, बारीक बुडबुडे आले. मिस्त्रीकाकांनी खालूनच हाक मारली, "दिसलं का भाऊ?" दिसलं. मला ते अजूनही दिसतंय.

थोडं द्रव बॉनेटच्या कडेला सांडलं, लगेच भरपूर पाण्यानं धुतलं. हे द्रव रंग खातं, तेव्हा फडक्यानं पुसत बसू नये, पाणीच ओतावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा दोघंच बोथ्याच्या बाजूनं खामगावकडे उतरलो. ज्ञानगंगा अभयारण्याचा रस्ता. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ महाराष्ट्र-तेलंगणातून तेराशे किलोमीटर चालून याच जंगलात आला होता, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. बाबांनी तो किस्सा मला चौथ्यांदा सांगितला. गाडी तिसऱ्यात होती आणि त्यांचा पाय बहुतेक वेळ ब्रेकवर नव्हताच, वळणाआधी एकदा दाबायचे, वेग कमी झाला की सोडून द्यायचे. उतरून झाल्यावर थोडं पुढे जाऊन थांबलो, पंधरा मिनिटं गाडी तशीच ठेवली, मग मी पेडल दाबून बघितलं. जागेवर. आणखी एकदा दाबलं. जागेवर. बाबा म्हणाले, "किती वेळा बघशील? चल, शेगावला जाऊन येऊ, कचोरी खाऊ."

घरी आल्यावर त्यांनी एक कागदाची पट्टी कापली, त्यावर आपल्या त्या सुवाच्य फळ्यावरच्या अक्षरात "ब्रेक ऑईल बदलले" आणि तारीख लिहिली, खाली "पुढील: एकाआड एक दिवाळी", आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला सेलोटेपनं चिकटवली. ती सेलोटेप इंजिनच्या उष्णतेनं महिनाभरही टिकणार नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. फोनमध्ये रिमाइंडर लावलाय.